नसलेल्या सिनेमाचं वजन: ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीची लढत कशावर ठरली

प्रश्न दोन भागांत आहे. हाय-डेफिनिशन, म्हणजे डीव्हीडीहून बारीक चित्राच्या डिस्कचे दोन फॉरमॅट बाजारात समोरासमोर उभे राहिले, तर ज्याच्याकडे जास्त सिनेमे तो जिंकणार असं धरायचं का? आणि तसं असेल, तर ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन हे स्टुडिओ पूर्णपणे एचडी डीव्हीडीकडे गेल्यावरही तो फॉरमॅट सहा महिन्यांत कसा संपला?

मी होम व्हिडिओच्या डिस्क तयार करण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. ऑथरिंग (डिस्कची रचना आणि मेन्यू बांधणं), एन्कोडिंगची (चित्र दाबून डिस्कवर मावेल असं करण्याची) तपासणी, कोणतं टायटल कधी आणि कोणत्या स्वरूपात आणायचं याचं नियोजन, हे माझं काम. त्यावरून माझं मत ठाम झालं आहे. टायटलांच्या नुसत्या संख्येने अशी लढत ठरत नाही. प्लेअर घ्यायला आलेला माणूस यावर काय काय मिळतं याची यादी वाचत बसत नाही. आपल्याला हवं ते यावर कधीच मिळणार नाही, असं काही आहे का, हे तो आधी विचारतो. आवडीचा एखादा सिनेमा आपल्या फॉरमॅटवर येणार नाही अशी धास्ती बसली की तो खरेदीच पुढे ढकलतो. म्हणून सिनेमांचा परिणाम समजून घ्यायचा तर कोणी काय काय बाजारात आणलं याच्याआधी कोणी काय अडवून ठेवलं ते बघावं लागतं.

आधी यंत्रांमधला फरक, तोही धावता. दोन्ही डिस्क ४०५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या लेझरने वाचल्या जात. ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट मावत, एचडी डीव्हीडीच्या थरात १५. दोन थर धरले तर ५० आणि ३०. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत होता, त्यामुळे वरून कठीण लेप द्यावा लागे आणि डिस्क छापायला नवी यंत्रसामग्री लागे. एचडी डीव्हीडीने जुन्या डीव्हीडीचीच ०.६ मिलिमीटरची रचना ठेवली, म्हणून असलेल्या कारखान्यांत फेरफार करून ती छापता येई. कागदावर हे अंतर मोठं दिसतं. पण मास्टर (जिच्यावरून डिस्क बनते ती मूळ प्रत) चांगला असेल आणि एन्कोडिंग मन लावून केलं असेल, तर हाय-डेफिनिशनचं १०८०पी चित्र दोन्हीकडे इतकं सारखं दिसे की दुकानात उभ्या असलेल्या माणसाला फरक सांगता येत नसे. त्याला दिसणारा फरक एकच: ब्लू-रेच्या निळ्या डब्यांत कोणते सिनेमे आणि एचडी डीव्हीडीच्या लाल डब्यांत कोणते.

आणि इथेच ही लढत व्हीएचएस-बीटामॅक्स या व्हिडिओ टेपच्या दोन फॉरमॅटच्या लढतीहून वेगळी होती. त्या काळाचं उदाहरण सगळेच देतात, पण ते पुरतं लागू पडत नाही. १९७७ मध्ये मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे ५० चित्रपट परवान्यावर घेऊन टेपवर विकायला काढले, ते दोन्ही फॉरमॅटमध्ये. टेपचं तंत्र असं की एकाच मास्टरवरून दोन्ही प्रकारच्या प्रती काढता येत. स्टुडिओला बाजू घ्यायचं कारणच नव्हतं. पुढे व्हीएचएसची यंत्रं जास्त झाली, तशी भाड्याने देणारी दुकानं व्हीएचएसच्या प्रती जास्त ठेवू लागली आणि बीटामॅक्सचा कप्पा आकसत गेला. म्हणजे तिथे सिनेमांची उपलब्धता ही आघाडीची सावली होती. यंत्र पुढे गेलं, त्याच्या मागून टेप गेल्या. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीच्या वेळी मात्र स्टुडिओंनी लढत सुरू व्हायच्या आधीच बाजू घेतल्या होत्या.

त्या बाजू कशा ठरल्या हे बघण्यासारखं आहे. ब्लू-रेमागे असलेल्या सोनीने १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स विकत घेतली होती, आणि २००५ मध्ये सोनी ज्यात होती अशा गटाने एमजीएम घेतली. त्यामुळे ब्लू-रेच्या बाजूने एक अख्खा स्टुडिओ आणि मोठा जुना संग्रह पहिल्या दिवसापासून उभा होता. फॉक्सला बेकायदा नकला रोखणारी जास्तीची तटबंदी हवी होती; ब्लू-रेमध्ये बीडी प्लस नावाचा तो थर होता, एचडी डीव्हीडीमध्ये नव्हता. डिस्ने आणि लायन्सगेटही ब्लू-रेकडे आले. युनिव्हर्सल शेवटपर्यंत फक्त एचडी डीव्हीडीकडे राहिला. वॉर्नर आणि पॅरामाउंट यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये एचडी डीव्हीडीला पाठिंबा जाहीर केला होता, पण २००५ संपण्याआधी दोघांनीही ब्लू-रेलाही दार उघडलं. हे दोघे म्हणजे मधले. माझ्या मते सगळी गोष्ट या मधल्यांची आहे.

सुरुवातीचे सिनेमे विक्रीपेक्षा नमुना म्हणून जास्त महत्त्वाचे असतात. अमेरिकेत एचडी डीव्हीडी १८ एप्रिल २००६ ला आली. एचडी डीव्हीडीमागच्या तोशिबाचा पहिला स्वस्त प्लेअर ४९९ डॉलरचा, आणि सोबत 'द लास्ट समुराई', 'द फँटम ऑफ द ऑपेरा', 'सेरेनिटी' यांसारखी मोजकी टायटलं. ब्लू-रे २० जूनला आली, सॅमसंगचा पहिला प्लेअर ९९९ डॉलरचा. ब्लू-रेच्या पहिल्या तुकडीत 'द फिफ्थ एलिमेंट' होता. हा सिनेमा घरच्या मोठ्या पडद्याची परीक्षा घ्यायला हौशी लोक वर्षानुवर्षं लावत आले होते, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर; आणि त्याच डिस्कचं चित्र निराशाजनक निघालं. सुरुवातीच्या ब्लू-रे बहुतेक एकाच थराच्या, २५ गिगाबाइटच्या, आणि त्यावर एमपेग-२ हा जुना, जागा खाणारा कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत). उलट एचडी डीव्हीडीच्या पहिल्या डिस्कवर व्हीसी-१ हा नवा, कमी जागा घेणारा कोडेक होता आणि ३० गिगाबाइटची जागा होती. त्या उन्हाळ्यात दोन्ही शेजारी ठेवून पाहणाऱ्याला वाटणं साहजिक होतं की एचडी डीव्हीडी हा श्रेष्ठ फॉरमॅट आहे. ५० गिगाबाइटची पहिली सिनेमाची ब्लू-रे, 'क्लिक', त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आली. 'द फिफ्थ एलिमेंट' पुढच्या वर्षी नव्या मास्टरवरून पुन्हा काढावा लागला.

यातून धंद्यातल्या माणसाने लक्षात ठेवावं ते असं, की पहिल्या दहा-वीस टायटलांची निवड ही जाहिरातीपेक्षा मोठी गोष्ट असते. त्या काळात प्लेअर घेणारे लोक मारधाड, विज्ञानकथा आणि भव्य पडद्याचे सिनेमे बघणारे असतात. त्यांना ज्या सिनेमाची प्रत्येक चौकट पाठ असते तोच ते लावतात. तिथे चुकलात तर फॉरमॅटच बदनाम होतो, डिस्कला कोणी दोष देत नाही.

आता दोन्ही फॉरमॅटमध्ये सिनेमा काढणं म्हणजे काय, ते सांगतो, कारण बाहेरच्यांना हा भाग दिसत नाही आणि निर्णय बऱ्याच अंशी इथूनच होतात. चित्राचं एन्कोडिंग एकदा करून दोन्हीकडे वापरता येई. वॉर्नर तेच करत असे. पण त्याचा अर्थ असा की ती फाइल ३० गिगाबाइटच्या डिस्कवर मावली पाहिजे आणि एचडी डीव्हीडीवरून माहिती वाचण्याच्या कमी वेगाच्या मर्यादेत बसली पाहिजे. एचडी डीव्हीडीचा एकूण वेग सेकंदाला ३६.५५ मेगाबिटपर्यंत, ब्लू-रेचा ५४ पर्यंत. म्हणजे दोन्ही घरी जाणारी डिस्क लहान घराच्या मापाने शिवली जाई, आणि ब्लू-रेची जास्तीची जागा रिकामी राही. मेन्यू आणि परस्परसंवादी भाग मात्र दोनदा, मुळापासून करावा लागे. एचडी डीव्हीडीवर एचडीआय, ज्याचा पाया एक्सएमएल आणि जावास्क्रिप्ट. ब्लू-रेवर बीडी-जे, म्हणजे जावा. एका टीमचं काम दुसरीला उपयोगाचं नाही. तपासणीही दुप्पट, आणि प्रत्येक कंपनीच्या प्लेअरवर वेगळी. वर दोन रंगांचे डबे, दोन साठे, दोन अंदाज. न खपलेल्या प्रती दुकानं परत पाठवतात, तेव्हा तोटाही दोन्हीकडून येतो.

त्यात एक महत्त्वाचा तांत्रिक पेच होता. एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरमध्ये दुसरा व्हिडिओ डीकोडर, साठवणीची थोडी जागा आणि नेटवर्कची जोडणी सक्तीची होती. म्हणून सिनेमा चालू असताना कोपऱ्यात दिग्दर्शकाचं चित्र दाखवण्यासारख्या गोष्टी पहिल्या दिवसापासून करता येत. ब्लू-रेच्या सुरुवातीच्या प्लेअरमध्ये ही सोय नव्हती. मुख्य चित्रात असं दुसरं छोटं चित्र दाखवण्याच्या सोयीची सक्ती नोव्हेंबर २००७ नंतरच्या प्लेअरसाठी आली. परिणामी वॉर्नर दोन्ही बाजूंचा असूनही त्याचे काही मोठे सिनेमे बराच काळ एकाच बाजूला राहिले. 'बॅटमॅन बिगिन्स' एचडी डीव्हीडीवर ऑक्टोबर २००६ मध्ये आला, ब्लू-रेवर जुलै २००८ मध्ये. 'द मेट्रिक्स'चे तिन्ही भाग मे २००७ मध्ये एचडी डीव्हीडीवर आले. ब्लू-रेवाल्यांना ऑक्टोबर २००८ पर्यंत थांबावं लागलं. कागदावर "दोन्हीला पाठिंबा" आणि कपाटात मात्र एकाच रंगाचा डबा, अशी ही परिस्थिती. कोणत्या स्टुडिओने कोणाला पाठिंबा जाहीर केला याचे तक्ते मांडून निकाल सांगणाऱ्यांनी हा भाग धरलेलाच नसतो.

तरीही २००७ च्या सुरुवातीपासून डिस्कच्या विक्रीत ब्लू-रे पुढे गेली. याचं कारण सोनीचा गेम कन्सोल प्लेस्टेशन ३. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या या कन्सोलमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह आतच होता. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलसाठीचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह वेगळा, १९९ डॉलरला विकत घ्यावा लागे. गेम खेळायला कन्सोल घेतलेल्या माणसाने फॉरमॅट निवडलेला नसतो. पण त्याच्या घरात ब्लू-रे प्लेअर आलेला असतो. त्याला पहिली डिस्क घ्यायला लावणारा सिनेमा हवा. मार्च २००७ मध्ये 'कसिनो रोयाल' आला आणि दुकानांकडे एक लाखाहून जास्त प्रती गेलेली ती पहिली ब्लू-रे ठरली. हा सिनेमा नेमका त्याच वयाच्या, त्याच आवडीच्या माणसांचा होता ज्यांच्या घरी तो कन्सोल होता. यंत्र आधी घरात आणि सिनेमा मागून, हा क्रम इथे जुळला.

पण कोणता फॉरमॅट खरोखर पुढे आहे हे मोजायचं कसं? 'कसिनो रोयाल' एकाच बाजूला होता, तो ब्लू-रेवर खपला यात तुलना नाही. मोजमाप मिळतं ते दोन्ही बाजूंना, एकाच दिवशी आलेल्या सिनेमातून. वॉर्नरचा '३००' हा चित्रपट ३१ जुलै २००७ ला दोन्ही फॉरमॅटमध्ये आला. पहिल्या आठवड्यात दोन्ही मिळून अडीच लाखांच्या आसपास प्रती गेल्या आणि ब्लू-रेच्या प्रती एचडी डीव्हीडीच्या जवळजवळ दुप्पट होत्या. एचडी डीव्हीडीच्या आवृत्तीत जास्तीचे भाग होते, तरी हे झालं. तिच्या एका बाजूला साधी डीव्हीडी असल्याने ती महाग होती, हेही नोंदवायला हवं. पण दुप्पट हा फरक किमतीतल्या तफावतीने भरून निघणारा नव्हता.

अशीच एक चाचणी ब्लॉकबस्टर या भाड्याने डिस्क देणाऱ्या साखळीने केली होती. २५० दुकानांत दोन्ही फॉरमॅट ठेवून पाहिले. भाड्याने गेलेल्या हाय-डेफिनिशन डिस्कमध्ये ब्लू-रेचा वाटा ७० टक्क्यांहून जास्त निघाला. जून २००७ मध्ये त्यांनी आणखी १,४५० दुकानांत फक्त ब्लू-रे ठेवायचं ठरवलं. हा आकडा मी '३००' च्या आकड्याइतका स्वच्छ मानत नाही. फॉक्स, डिस्ने आणि सोनीचे सिनेमे एकाच बाजूला होते, म्हणजे कप्प्यातला मालच समान नव्हता. मात्र दुकानदाराच्या दृष्टीने हा वाद निरर्थक आहे. कोणत्या कप्प्यातल्या डिस्क फिरतात एवढंच तो बघतो, आणि एका कप्प्याने दुसऱ्याची जागा घेतली की गिऱ्हाइकाला तो दुसरा फॉरमॅट दिसेनासा होतो.

आता पॅरामाउंटकडे येऊ. २० ऑगस्ट २००७ ला पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन यांनी फक्त एचडी डीव्हीडीवर सिनेमे काढण्याची घोषणा केली. दोघांना मिळून सुमारे १५ कोटी डॉलरचा मोबदला मिळाल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेले सिनेमे या करारातून वगळलेले होते. 'ट्रान्सफॉर्मर्स' आणि 'श्रेक द थर्ड' हे दोन मोठे सिनेमे त्यामुळे लाल डब्यांत आले. 'ट्रान्सफॉर्मर्स' १६ ऑक्टोबरला आला आणि जोरात खपला. पण दोनच आठवड्यांनी ब्लू-रेवर 'स्पायडर-मॅन ३' आला. प्रत्येक बाजूला एक मोठं अस्त्र, आणि मधे उभा असलेला गिऱ्हाईक आणखी गोंधळलेला.

या कराराने एचडी डीव्हीडीला काय मिळालं? माझं उत्तर: वेळ. विजय मिळण्याची शक्यता त्यात नव्हती, कारण समोरच्या बाजूला सोनी, फॉक्स आणि डिस्ने हे तिघे तसेच होते. एचडी डीव्हीडी घेणाऱ्याला डिस्नेचे सिनेमे मिळणार नव्हते, ब्लू-रे घेणाऱ्याला युनिव्हर्सल आणि आता पॅरामाउंटचेही मिळणार नव्हते. एका बाजूची उणीव कमी न होता दुसऱ्या बाजूची उणीव तेवढी वाढली. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? डीव्हीडीच घेत राहतो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तोशिबाचा एचडी-ए२ प्लेअर अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीत थोड्या वेळासाठी ९८.८७ डॉलरला विकला गेला आणि झपाट्याने संपला. वर पाच डिस्क फुकट देण्याच्या योजना होत्या. तोशिबाचे प्लेअर लोकांनी घेतले, पण बरेच जण त्यावर फुकटच्या पाच डिस्क आणि जुन्या डीव्हीडी लावत राहिले. यंत्र स्वस्तात गेलं म्हणजे डिस्क खपतील असं नसतं. स्टुडिओला प्लेअरच्या संख्येत रस नसतो. एका प्लेअरमागे किती डिस्क विकल्या जातात यात असतो.

इथे वॉर्नर येतो. अमेरिकेच्या होम व्हिडिओ बाजारात सर्वांत मोठा वाटा त्याचा. आणि एकट्या त्याच्याकडे अशी माहिती होती जी कोणत्याही निष्ठावंत स्टुडिओकडे असू शकत नव्हती: तोच सिनेमा, तोच दिवस, तेच चित्र, दोन डबे, आणि आठवड्यामागून आठवड्यांची विक्री. सोनीला एचडी डीव्हीडीवर आपला सिनेमा किती खपला असता हे कधीच कळलं नसतं. युनिव्हर्सललाही उलट बाजूचं कळलं नसतं. मधल्या स्टुडिओला मात्र दोन्ही हिशेब समोर दिसतात. शिवाय दोन फॉरमॅटचा खर्च तोच सोसत असतो, त्यामुळे भांडण मिटवण्याचं कारणही त्याच्याकडेच सर्वांत मोठं. वॉर्नरने जानेवारी २००७ मध्ये एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी असलेली 'टोटल एचडी' डिस्क जाहीर करून पाहिली होती. ती बाजारात आलीच नाही. वर्षअखेरीच्या सणासुदीची विक्री संपली आणि ४ जानेवारी २००८ ला, लास व्हेगासच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या तोंडावर, वॉर्नरने जाहीर केलं की मे अखेरीनंतर आपण फक्त ब्लू-रे काढणार. एचडी डीव्हीडीच्या प्रचार गटाने प्रदर्शनातली आपली पत्रकार परिषद रद्द केली.

पुढचे सहा आठवडे तुम्हाला माहीत असतील. फेब्रुवारीत, तेव्हा डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट या दुकानांच्या साखळ्या एकामागून एक ब्लू-रेकडे वळल्या. १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्याच दिवशी युनिव्हर्सलने ब्लू-रेकडे जात असल्याचं सांगितलं. पॅरामाउंटही पाठोपाठ गेला.

वॉर्नरच्या त्या घोषणेच्या दिवशी एकही डिस्क कपाटातून काढली गेली नव्हती. पुढचे कित्येक आठवडे वॉर्नरचे सिनेमे एचडी डीव्हीडीवर येतच राहणार होते. दोन्ही बाजूंची टायटलं शेकड्यांत आणि जवळपास सारखीच होती. तरीही एका रात्रीत सगळं पालटलं, कारण येत्या वर्षी या फॉरमॅटवर काय नसेल ते लोकांना कळलं. प्लेअर हा पुढच्या पाच-सात वर्षांसाठी घेतात. आज कपाटात असलेले सिनेमे त्या निर्णयाचा लहानसा भाग असतात.

अडवून ठेवण्याची आणखी एक तऱ्हा आहे आणि ती या दोन गटांच्या भांडणाहूनही जास्त नुकसान करते. लढत चालू असताना स्टुडिओ आपली सर्वांत मौल्यवान टायटलं दोन्हीकडून लांब ठेवतात. उत्तम मास्टर बनवायला पैसा लागतो आणि यंत्रं थोड्या घरांत असताना तो निघत नाही. डिस्नेच्या जुन्या अभिजात ॲनिमेशनपटांतला पहिला, 'स्लीपिंग ब्यूटी', ब्लू-रेवर ऑक्टोबर २००८ मध्ये आला, म्हणजे लढत संपल्यावर. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' २०१० मध्ये, 'स्टार वॉर्स' २०११ मध्ये. ज्या सिनेमांसाठी सामान्य कुटुंबाने नवा प्लेअर घेतला असता, ते लढतीच्या काळात कोणालाच मिळाले नाहीत. मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं दुःख हेच वाटतं. २००६ ते २००८ ही दोन वर्षं हाय-डेफिनिशन डिस्कची ऐन उमेदीची होती, घराघरांत मोठे टीव्ही येत होते, आणि ती वर्षं प्रेक्षकाने वाट बघण्यात घालवली. तिकडे डिस्कला पर्याय उभा राहत होता: नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला २००७ मध्येच सुरुवात केली होती.

भूगोलाचा मुद्दा थोडक्यात. ब्लू-रेला ए, बी, सी असे प्रदेश-कोड होते (कोड घातलेली एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या प्लेअरवर लागत नसे), एचडी डीव्हीडीला नव्हते. अमेरिकेत एका स्टुडिओकडे असलेले हक्क युरोपात दुसऱ्या वितरकाकडे असतात. फ्रान्सच्या स्टुडिओकॅनालने एचडी डीव्हीडीला पाठिंबा दिला होता, त्यामुळे अमेरिकेत फक्त ब्लू-रेवर असलेला 'टर्मिनेटर २' युरोपातून एचडी डीव्हीडीवर मागवता येई. हौशी संग्राहकांनी हे भरपूर केलं. बाजाराच्या निकालावर त्याचा परिणाम झाला नाही. आयात करून बघणारा माणूस कोणत्याही फॉरमॅटला जगवण्याइतका संख्येने नसतो. जपानमध्ये चित्र निराळं होतं. तिथे लोक टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला डिस्क वापरत, सोनीचा पहिला ब्लू-रे रेकॉर्डर २००३ मध्येच आला होता, आणि रेकॉर्डिंगला ५० गिगाबाइट ३० पेक्षा उघडच बरे. तिथे हॉलिवूडच्या बाजूंना तेवढं वजन नव्हतं.

एक दंतकथाही बाजूला ठेवू. प्रौढांसाठीचे चित्रपट ज्या बाजूला जातील तो फॉरमॅट जिंकतो, असं व्हीएचएसपासून सांगितलं जातं. सुरुवातीला त्या धंद्यातले अनेक निर्माते एचडी डीव्हीडीकडे होते. निकाल काय लागला ते समोर आहे.

सिनेमे असूनही फॉरमॅट मरतो, हेही दिसलेलं आहे. २००२ मध्ये जेव्हीसीने डी-व्हीएचएस टेपवर डी-थिएटर नावाने हाय-डेफिनिशन सिनेमे आणले. फॉक्स, युनिव्हर्सल, ड्रीमवर्क्स आणि आर्टिझन हे स्टुडिओ सोबत होते, चित्र उत्कृष्ट होतं. पण वॉर्नर, डिस्ने, सोनी, पॅरामाउंट नव्हते, आणि डीव्हीडीची सवय लागलेल्यांना पुन्हा टेप गुंडाळायची नव्हती. सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठीच्या यूएमडी या छोट्या डिस्कवर २००५ मध्ये जवळजवळ सगळ्या बड्या स्टुडिओंचे सिनेमे होते. पण तीच डिस्क मोठ्या टीव्हीवर लावता येत नव्हती, म्हणजे एक सिनेमा दोनदा घ्यावा लागे. लोकांनी घेतला नाही आणि वर्षभरातच स्टुडिओंनी हात आखडता घेतला. तेव्हा भरपूर सिनेमे ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आता एका वाक्यात देता येईल: पॅरामाउंट गेला तेव्हा एचडी डीव्हीडीला एक स्टुडिओ मिळाला, पण वॉर्नर मधेच उभा होता, आणि निकाल त्याच्या हातात होता.

आजच्या बाबतीत हे कुठे लावून पाहायचं तर अल्ट्रा एचडी ब्लू-रे, म्हणजे आणखी बारीक अशा ४के चित्राच्या डिस्ककडे बघा. २०१६ मध्ये ती आली तेव्हा प्रतिस्पर्धी डिस्कच नव्हती, तरी डिस्नेने पहिलं ४के टायटल, 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी व्हॉल्यूम २', ऑगस्ट २०१७ मध्ये आणलं. तोवर लहान मुलं असलेल्या घरांना प्लेअर घ्यायचं मोठं कारण नव्हतं. प्रकाशाच्या जास्तीच्या माहितीसाठी (एचडीआर) तिथे डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०प्लस अशी दोन तंत्रं आहेत. पण दोन्हीखाली साधं एचडीआर१० अशा प्रत्येक डिस्कवर सक्तीचं असतं, त्यामुळे कोणत्याही टीव्हीवर कोणत्याही स्टुडिओची डिस्क लागते. सिनेमा अडवून ठेवण्याची सोयच तिथे ठेवलेली नाही, म्हणून त्या दोघांचं भांडण टीव्हीच्या खोक्यावरच्या शिक्क्यांपुरतं राहिलं. स्ट्रीमिंगमध्ये उलट आहे. तिथे बहुतेक मोठे स्टुडिओ आपला संग्रह मुख्यतः आपल्याच सेवेत ठेवतात, आणि मधले फार थोडे उरले आहेत. नवा सिनेमा कोणाकडे हे विचारण्यापेक्षा, सगळ्यांना सारखा माल विकणारा एखादा मोठा स्टुडिओ अजून आहे का, आणि त्याला सगळीकडे विकणं परवडेनासं कधी होईल, एवढ्यावर मी नजर ठेवून असतो.